बेटावरची दिवेलागण

जानेवारीतील अंकुशनगर वाचकांच्या परिचयाचे आहे. गाळप हंगाम भरात असतो, महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, मळीचा वास पहाटेच्या धुक्यात मिसळतो आणि कानटोपी घातल्याशिवाय ज्येष्ठ मंडळी ओट्यावर येत नाहीत. अशाच एका पहाटे चार वाजता आम्ही अंदमानला निघालो. मी, माझे यजमान, धाकटा मुलगा आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई. माझे सासरे साखर कारखान्यातून निवृत्त झाले, त्या दिवसापासून त्यांना सेल्युलर जेल पाहायचा होता. ‘यंदाचा हंगाम संपू द्या’ असे म्हणता म्हणता ते गेले. ती इच्छा मग सासूबाईंनी आपल्याकडे घेतली.

गेली काही वर्षे माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वरचेवर येतो. मुलगा पुण्यात किंवा परदेशात असतो, आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीला त्यांना समुद्रकाठच्या एखाद्या दूरच्या ठिकाणी न्यायचे त्याने ठरविलेले असते, पैसेही भरलेले असतात आणि मग फोन येतो, ‘डॉक्टर, नेऊ ना बाबांना?’ कॅरिबियन बेटांवर म्हणे मनगटाला एक पट्टी बांधली की राहणे, खाणे, पिणे, करमणूक सारे त्यात आले. आपल्याकडील सहल कंपन्यांचे अंदमान त्याच वळणाचे असते: विमान, बोट, हॉटेल, तीन वेळचे जेवण, सोबत व्यवस्थापक, पुष्कळदा पोळीभाजी करणारा मराठी आचारीसुद्धा. जाहिरातीत लिहिलेले असते, ‘सर्व समाविष्ट’. वाचकहो, त्या ‘सर्व’मध्ये काय नसते, ते आज आपल्याला सांगावयाचे आहे. त्यातला एक धडा मी स्वतः चुकून शिकले आहे. डॉक्टर असूनही.

प्रथम प्रवासाविषयी. अंकुशनगरहून छत्रपती संभाजीनगर, तेथून मुंबई, मुंबईहून चेन्नई किंवा कोलकाता आणि मग वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. चेन्नईहून शेवटचा टप्पा दोन-सव्वादोन तासांचाच असला तरी विमानतळांवरील प्रतीक्षा धरता सारा दिवस जातो. पोर्ट ब्लेअर या शहराला सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम हे नाव आहे. तिकिटावर आणि लोकांच्या तोंडी दोन्ही नावे सापडतील, गोंधळू नये. चाकांची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवावे. तीत बसण्याचा संकोच अनेकांना वाटतो. सासूबाईंनाही वाटला होता, पण मुंबईच्या विमानतळावरील अंतर पाहून त्या स्वतःच म्हणाल्या, ‘आण बाई ती गाडी.’

या प्रवासात वृद्धांकडून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे पाणी न पिणे. लघवीला उठावे लागेल, पोरांना त्रास होईल, म्हणून आपली माणसे सकाळपासून घसा कोरडा ठेवतात. वयोमानाने तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. त्यात आपण थंड, कोरड्या मराठवाड्यातून निघून दुपारी दमट, घाम काढणाऱ्या हवेत उतरतो. आपल्याकडील उन्हाळ्यात बेचाळीस अंश सोसणाऱ्या माणसाला तिथले तीस अंश किरकोळ वाटतील. परंतु त्या हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असलेल्यांना येथे चक्कर येण्याचा धोका अधिक. अशी गोळी प्रवासाच्या दिवशी मनाने बंद करू नये. निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांना भेटून तिची वेळ व मात्रा विचारून घ्यावी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी दिवसाला किती प्यावे, हेही त्याच भेटीत ठरवावे. दीर्घ बैठकीत पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तासातासाने घोटे वरखाली हलवावेत आणि शक्य तेव्हा उठून चार पावले चालावे.

औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. सामानाच्या कप्प्यात टाकलेली बॅग दोन दिवसांनी पोचल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि त्या कप्प्यातील थंडीने इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. जितके दिवस जाणार त्याच्या दुप्पट दिवसांची औषधे घ्यावीत, कारण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि मुक्काम वाढतो. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. आपल्या ब्रँडचे नाव बेटावरील दुकानदाराला ओळखीचे असेलच असे नाही. वापरात असलेले इन्सुलिन तीस अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालते, सीलबंद साठा मात्र दोन ते आठ अंशांत ठेवावा लागतो. किनाऱ्यावर नेलेली पिशवी वाळूवर उन्हात ठेवू नये, एवढे भान पुरे.

श्री विजयपुरमहून स्वराज द्वीपाला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, बोटीने जावे लागते. खासगी वेगवान बोटीला साधारण दीड तास, सरकारी बोटीला त्याहून अधिक. समुद्र शांत असेल तर हा प्रवास सुखाचा होतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ त्यासाठी बरा. पावसाळ्यात ज्येष्ठांना घेऊन जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे, मग सवलत कितीही असो. बोट लागणे वयावर अवलंबून नसते. मधल्या भागात, शक्यतो मागे बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, पोट रिकामे किंवा तुडुंब नसावे. उलटीची गोळी सरसकट वाटण्याची सहलीतली प्रथा मात्र मला मान्य नाही. व्यवस्थापक प्रेमाने पाकीट फिरवतो आणि सगळे प्रसादासारखी गोळी घेतात! यातील बहुतेक गोळ्यांनी झोप येते, तोल जातो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी त्यांनी अडू शकते, काचबिंदूच्या काही रुग्णांना त्या अपायकारक ठरतात, आणि स्मृती उतरू लागलेल्या व्यक्ती गोंधळून जातात. एका निवृत्त शिक्षकांना अशाच गोळीनंतर रात्रभर लघवी झाली नाही आणि सकाळी नळी घालावी लागली. परत आल्यावर ते स्वतःच मला सांगत होते. आपल्यासाठी कोणती गोळी चालेल, हे घरूनच ठरवून निघावे.

धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना बोट हलत असते. वृद्ध व्यक्तीने घाई करू नये. एकाने आतून व एकाने बाहेरून हात द्यावा, आणि लाट खाली जाऊन बोट स्थिरावली की पाऊल टाकावे. मागची रांग कुरकुरली तरी कुरकुरू द्यावी.

आता ज्यासाठी हे लिहावयास बसले तो प्रसंग. स्वराज द्वीपावरील आमचा पहिला दिवस. सकाळच्या बोटीत सासूबाईंना मळमळले होते, म्हणून दुपारी त्या दोन घास भात खाऊन उठल्या. चार वाजता आम्ही राधानगर किनाऱ्यावर गेलो. पांढरी वाळू, मागे उंच झाडांचे रान, पुढे स्वच्छ निळे पाणी. आयुष्यभर गोदावरीचे पात्र पाहिलेल्या सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग नातवाचा हात धरून वाळूतून अर्धा तास चालल्या. मऊ वाळूत चालणे सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी श्रमाचे असते, हे मला ठाऊक होते. त्यांच्या चेहऱ्यावरील आनंद पाहून मी ते विसरले.

आम्ही खोलीवर परतलो तेव्हा अंधार पडला होता. सासूबाईंची मधुमेहाची संध्याकाळची गोळी जेवणाआधी अर्धा तास असते. घरी त्या देवापाशी दिवा लावतात, हात जोडतात आणि गोळी घेतात. सात वाजता भाकरी ताटात असते. गेली नऊ वर्षे हा क्रम कधी चुकलेला नाही. घड्याळ त्यांनी कधी पाहिले नाही, पाहण्याची गरजही पडली नाही. बेटावर त्यांनी तेच केले. दिवे लागले, त्यांनी गोळी घेतली. त्या वेळी पावणेसहा वाजले होते.

वाचकहो, अंदमान आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच भारतीय प्रमाणवेळेचे आहे. त्यामुळे जानेवारीच्या मध्यास आपल्याकडे सहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, तर तिथे सव्वापाचच्या सुमारास. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात संधिप्रकाशही फार रेंगाळत नाही. हॉटेलातील रात्रीचे जेवण मात्र साडेआठला सुरू होणार होते.

साडेसातच्या सुमारास सासूबाई एकाएकी चिडल्या. नातवाने चादर ओढली एवढेच कारण. त्यांना कधीच राग येत नाही. मी वळून पाहिले तर कपाळावर घामाचे थेंब होते आणि बोटे थरथरत होती. तपासले, रक्तातील साखर ५६. सकाळची मळमळ, दुपारचे अर्धे जेवण, वाळूतील चालणे आणि वेळेआधीची गोळी, असे चारही धागे एकत्र आले होते. मी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, ७४ आली, मग बिस्किटे व केळे दिले. तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, ‘सूनबाई, दिवे लागले होते ना गं? म्हणून घेतली मी.’

त्या ज्या प्रकारची गोळी घेतात तिचा अंमल दीर्घ असतो. साखर एकदा वर आली म्हणून निर्धास्त होता येत नाही, ती पुन्हा उतरू शकते. त्या रात्री मी दर दोन तासांनी तपासत जागले. बाहेर लाटांचा आवाज होता. शेवटची बोट केव्हाच निघून गेली होती. बेटावर सरकारी आरोग्य केंद्र आहे, मोठे रुग्णालय मात्र समुद्रापलीकडे, श्री विजयपुरममध्ये. या अंतराची जाणीव दिवसा होत नाही.

म्हणून हे नीट लक्षात घ्यावे. बेटावर गेल्यावर औषध, जेवण आणि झोप घड्याळाने चालवावी, उजेडाने नव्हे. जेवण समोर येत नाही तोवर जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नये. सहल व्यवस्थापकाला पहिल्याच दिवशी सांगून ज्येष्ठांसाठी साडेसातला साधे ताट मागवावे. सहसा नकार मिळत नाही, फक्त कोणी मागत नाही. साखर उतरल्याची लक्षणे प्रत्येकात सारखी नसतात. हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी काही गोळ्या घेणाऱ्यांना छातीत धडधड जाणवतच नाही. त्यांच्यात नुसता घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणे किंवा पेंग दिसते. अशा वेळी ‘दमले असतील, झोपू द्या’ असे म्हणू नये. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नये, कुशीवर वळवून तत्काळ मदत बोलवावी. साखर तपासण्याचे यंत्र आणि पट्ट्या सामानात नाहीत, तर सहलीला मधुमेही माणूस नेऊ नये, इतके मी आता ठामपणे म्हणते.

लवकर पडणाऱ्या अंधाराचा आणखी एक परिणाम आहे. विस्मरणाचा आजार असलेल्या अनेक व्यक्ती सांजवेळी अधिक अस्वस्थ होतात, ‘घरी चला’ म्हणून उठतात. अनोळखी खोली, अनोळखी आवाज आणि पाच वाजताच काळोख, हे त्यांच्यासाठी कठीण असते. आजार सौम्य असेल तर घरातील ओळखीची चादर, देवाचा फोटो सोबत न्यावा, चारपासूनच खोलीत भरपूर दिवे लावावेत आणि रात्री दाराशी कोणीतरी झोपावे. आजार पुढच्या टप्प्यात असेल तर त्यांना घरी ठेवून विश्वासाच्या माणसाकडे सोपवावे. नेण्यातच प्रेम असते असे नाही.

हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात नुकताच येऊन गेलेला, सपाट झोपल्यावर दम लागणारा, छातीतले दुखणे अलीकडे वाढलेला, अशा कोणालाही बेटावर नेऊ नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास नेत्रतज्ज्ञांची अनुमती घ्यावी आणि तोवर डोळ्यांत समुद्राचे पाणी जाऊ देऊ नये.

किनाऱ्याविषयी थोडे. ज्यांच्या तळपायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे, त्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. हा निरोप कोणालाच आवडत नाही, कारण समुद्रावर जाऊन चपला कशा घालायच्या! पण तापलेली वाळू फोड आणते, प्रवाळाचा तुकडा पाय कापतो आणि माणसाला कळतही नाही. मागे पट्टा असलेले, पाण्यात चालणारे सँडल घ्यावेत आणि रोज रात्री घरच्यांनी तळवे उजेडात पाहावेत. शहीद द्वीपावर लक्ष्मणपूरच्या बाजूला खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. ओहोटीच्या वेळी निसरड्या खडकांवरून तिथे जावे लागते. ती फोटोत पाहावी. शंख, प्रवाळ उचलून आणणे तर कायद्यानेच निषिद्ध आहे, नातवंडांनाही सांगावे. पाण्यात गुडघ्यापर्यंतच उतरावे आणि एकटे कधीही नाही, कारण परतणारी लाट टाचेखालची वाळू काढून घेते आणि तोल जातो. जीवरक्षकांनी मनाई केलेल्या जागी उतरूच नये. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरींचाही धोका असतो.

खोली तळमजल्यावरची मागावी. पडण्याचे प्रसंग समुद्रात घडतात त्यापेक्षा न्हाणीघरात अधिक घडतात, तेही बहुधा पहिल्या रात्री. तेथे प्लास्टिकची खुर्ची मागवून घ्यावी, उशाशी विजेरी ठेवावी, आणि ज्येष्ठांना झोपण्यापूर्वी एकदा अंधारात पलंग ते संडास हा मार्ग चालवून दाखवावा.

जेवणाच्या मांडलेल्या टेबलांबद्दल मी उपदेश करणार नाही. पाच दिवसांत थोडे इकडेतिकडे होणारच. केवळ एवढेच की लोणचे, पापड, सूप आणि खारवलेले पदार्थ यांतील मिठाने रक्तदाब व पायांची सूज वाढते, म्हणून ती दोन-तीन भांडी टाळून पुढे जावे. ताजा मासा मात्र, खाणाऱ्यांनी, अवश्य खावा.

काय पाहावे आणि काय सोडावे, यात काळजीवाहू मंडळींनी मन घट्ट करावे. बारातांगची सहल म्हणजे पहाटेपूर्वी निघणे, तासन्‌तास मोटार, मग बोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत पायी. गुडघे दुखणाऱ्यांना त्यात काही नाही. नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, म्हणजे पूर्वीचे रॉस, बोटीने अगदी जवळ आहे आणि तिथे बॅटरीवर चालणारी गाडी मिळते. तिथे जरूर न्यावे. रोज एकच ठिकाण पुरे. उरलेला वेळ खुर्ची टाकून समुद्राकडे पाहत बसावे. आणि सोबत किमान दोन धडधाकट माणसे असावीत. एकटी सून किंवा एकटा मुलगा सहा दिवस सावलीसारखा मागे राहिला तर परतल्यावर आजारी तोच पडतो.

सेल्युलर जेल आम्ही शेवटच्या दिवशी, सकाळी दार उघडताच पाहिला. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. शेजारीच गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे, याचे मला त्या रात्रीनंतर फार समाधान वाटले, हे कबूल करते. अंगणात कोलूची प्रतिकृती मांडली आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला तीस पौंड तेल काढावयास लावीत. सासूबाईंच्या माहेरी तेलाचा घाणा होता. त्या कोलूपाशी थांबल्या, लाकडी दांड्याकडे पाहत म्हणाल्या, ‘आमचा बैलसुद्धा दुपारी सोडायचे.’

सावरकर १९११ मध्ये येथे आले आणि १९२१ मध्ये बाहेर पडले. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. जिना चढावा लागतो. मी नको म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, कठडा धरला आणि चढू लागल्या. आम्ही नियम केला: दहा पायऱ्या, मग दहा दीर्घ श्वास. बोलताना दम लागला की थांबायचे. वीस मिनिटे लागली. कोठडीच्या दारात त्या खाली बसल्या आणि पदराच्या टोकाला बांधून आणलेली सासऱ्यांची कारखान्यातली जुनी ओळखपट्टी काढून थोडा वेळ हातात धरून बसल्या. उतरताना त्यांनी उलट्या दिशेने, दोन्ही हातांनी कठडा धरून उतरावे असे मी सांगितले; गुडघ्यांच्या रुग्णांना ही रीत सोपी जाते.

संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाला बसलो तेव्हा पिशवीत केळे, साखरेची पुडी आणि पाणी होते. पावणेसहाला अंधार झाला. सासूबाईंनी नातवाचा हात ओढून त्याच्या घड्याळात पाहिले आणि पिशवीकडे गेलेला हात मागे घेतला.

घरी आल्यावर देवापाशी दिवा लागतो तो पूर्वीच्याच वेळी. गोळ्यांच्या डब्यावर मात्र आता नातवाच्या अक्षरात एक चिकटपट्टी आहे: ‘साडेसहा. घड्याळात बघून.’